झाडाच्या अंगची राखण

पहाटे साडेपाच.

पोळा जवळ आला आहे आणि पाऊस काही हटायला तयार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातली आमची जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. आजूबाजूला पेरा कपाशी, तूर, सोयाबीनचा. संत्र्याचे बगीचे मोजके, त्यातला एक आमचा. उजाडायच्या आत मी फावडं घेऊन चर बघायला निघतो. झाडांच्या दोन तासांमधून, म्हणजे ओळींमधून, उताराच्या दिशेने काढलेले चर रात्रीच्या पावसात गाळाने तुंबतात. ते मोकळे झाले नाहीत तर पुढे दिवसभर कितीही राबलं तरी बगीच्याला त्याचा फारसा उपयोग नाही. चर उपसणं हे हलकं काम समजलं जातं. माझ्या लेखी पावसाळ्यातलं पहिलं औषध तेच आहे, आणि त्याचं कारण मुळाच्या पेशीत सापडतं.

मुळाला श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तिथला प्राणवायू संपतो आणि मुळाच्या पेशीची ऊर्जा घटते. 1980 साली मक्याच्या मुळांवरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. प्राणवायू तोडल्यावर मुळाने नेहमीची प्रथिनं बनवणं जवळजवळ थांबवलं आणि वीसेक प्रथिनं तेवढी बनवत राहिलं. ती प्रथिनं प्राणवायूशिवाय साखरेतून थोडीफार ऊर्जा काढून देणारी, म्हणजे जीव धरून ठेवण्यापुरती. पाण्यात बुडालेल्या मुळाला हीच अडचण येते. रोगाशी झगडणारी प्रथिनं बनवायला त्याच्यापाशी शिल्लक काही उरत नाही. आणि नेमक्या त्याच साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोरा नावाच्या रोगजंतूचे बीजाणू पोहत असतात. दोन शेपट्या असलेले हे सूक्ष्म बीजाणू मुळाच्या टोकातून झिरपणाऱ्या द्रव्यांचा माग काढत मुळापर्यंत पोचतात. म्हणजे एकाच पाण्याने शत्रूला वाट मिळते आणि झाडाचे हात बांधले जातात.

साडेसहा.

आमचे सालगडी, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, बैलांना चारा टाकून बगीच्यात येतात. लांबूनच सांगतात, "भाऊ, नाल्याकडच्या तासातल्या झाडाले पुन्हा डिंक निंगाला."

डिंक्या हा विदर्भातल्या संत्र्याचा जुना वैरी. खोडाची साल बुंध्याशी तडकते, तिच्यातून तांबूस डिंक ओघळतो, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, शेंड्याकडून सल वाढत जाते. दोन-तीन हंगामांत झाड जातं. फायटोफ्थोरा मुळातून किंवा बुंध्याजवळच्या सालीतून आत शिरतो. डिंक मात्र त्याचा नसतो. तो झाड स्वतः तयार करतं. जखमेभोवतीच्या कोवळ्या थरात डिंकाच्या नळ्या बनतात आणि त्यातून बाहेर पडणारा डिंक ही झाडाने धोका ओळखल्याची खूण असते. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंजे झाड रडून नाही राह्यलं, झगडून राह्यलं." इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नसतं.

हे झगडणं कसं चालतं ते समजून घेण्यासारखं आहे. झाडाला पळता येत नाही. आपल्या रक्तात फिरून जंतूंवर तुटून पडणाऱ्या पेशी असतात, तशा त्याच्यापाशी नाहीत. प्रत्येक पेशी आपली राखण आपणच करते. पेशीच्या बाहेरच्या अंगाला ग्राही प्रथिनं असतात. बुरशीच्या भिंतीतल्या कायटिनचा तुकडा, जिवाणूच्या शेपटीतल्या प्रथिनाचा अंश, अशा परक्या खुणा ती ओळखतात. ओळख पटली की काही मिनिटांतच पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, पेशीची भिंत जाड व्हायला लागते. त्यानंतर जनुकं जागी होतात आणि काही तासांत, एखाद-दुसऱ्या दिवसात संरक्षक प्रथिनांचा साठा वाढत जातो.

ही प्रथिनं 1970 मध्ये पहिल्यांदा नजरेत आली, तीही तंबाखूत. तंबाखूच्या पानाला मोझॅक विषाणूची लागण केली की निरोगी पानात न दिसणारी काही प्रथिनं दिसू लागतात, हे नेदरलँड्समध्ये वान लून आणि वान कामेन यांनी, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये जियानिनाझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढे अशी प्रथिनं पिकामागून पिकात सापडत गेली आणि त्यांची सतरा कुळं मोजली गेली. संत्री, द्राक्ष, आंबा, केळी, पपई, कोणत्याही फळझाडात त्यातली बरीच कुळं भेटतात. कायटिनेज बुरशीच्या भिंतीतलं कायटिन कापतं. ग्लुकानेज त्याच भिंतीतला ग्लुकानचा धागा तोडतं. थॉमॅटिनसारखी प्रथिनं बुरशीच्या पेशीचा पडदा कमजोर करतात. आकाराने ही प्रथिनं लहान आणि चिवट. आम्लात टिकतात, जंतूंच्या पाचक रसांना लवकर दाद देत नाहीत.

आता डिंक्याकडे परत येतो. फायटोफ्थोराला आपण बोलताना बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. त्याच्या भिंतीत कायटिन नगण्य, मुख्य भरणा ग्लुकान आणि सेल्युलोजचा. त्यामुळे कायटिनेज त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतं आणि सगळा भार ग्लुकानेजवर येतो. ग्लुकानेज भिंत तर कापतंच, शिवाय सुटलेले तुकडे शेजारच्या पेशींना सावध करतात. शत्रूही तयारीचा आहे. सोयाबीनवर येणारा फायटोफ्थोरा झाडाच्या ग्लुकानेजला जखडून ठेवणारं स्वतःचं प्रथिन सोडतो, हे 2002 मध्ये सिद्ध झालं. एकेका खोडाच्या सालीत ही ओढाताण चाललेली असते. तिचा निकाल झाडाच्या अंगात त्या घडीला किती ताकद आहे त्यावर लागतो.

पाऊस थोडा थांबल्याचा फायदा घेऊन आम्ही त्या झाडाचं काम करतो. बुंध्याची माती मोकळी करतो, रोगट साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरडतो, खरडलेली साल पाटीत गोळा करतो, एक टक्का पोटॅशियम परमँगनेटने जखम धुतो आणि साल सुकली की बोर्डो मलम लावतो. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचे आणि मग एकत्र करायचे. तयार मलमात लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, आणखी चुना घालायचा. मामांच्या हाताला हे माप इतकं बसलंय की ते रंगावरूनच ओळखतात, तरीही विळा बुडवल्याशिवाय लावत नाहीत. बोर्डो बाहेरून येणाऱ्याला अडवतो. आत शिरलेल्याशी झाडालाच भिडायचं असतं.

साडेनऊ.

कामाला बाया येतात. आज फळगळ वेचायची आहे. आंबिया बहाराची फळं आता हिरवी, लिंबापेक्षा मोठी झालेली. ओल फार दिवस टिकली की जमिनीलगतच्या फांद्यांवरच्या फळांवर तपकिरी डाग चढतो आणि फळ गळतं. तो डागही फायटोफ्थोराचाच, पावसाच्या थेंबासोबत मातीतून उडून फळावर बसलेला. पाट्या भरून गळलेली फळं बगीच्याबाहेर नेऊन खड्ड्यात पुरायची. झाडाखाली राहू दिली तर तीच पुढच्या लागणीचं कोठार होतात.

एक बाई विचारते, "दादा, वरच्या फांदीवरचं फळ चांगलं रायते अन् खालचं सडते, काऊन?" वरच्या फळाला मातीचे शिंतोडे लागत नाहीत, वाऱ्याने ते लवकर सुकतं, हे खरं कारण. म्हणून खाली लोळणाऱ्या फांद्यांना बांबूचे टेकू देतो आणि जमिनीला टेकणारी टोकं पावसाळ्याआधी छाटतो. फळही अगदी निःशस्त्र नसतं, संत्र्याच्या सालीतही कायटिनेज, ग्लुकानेज असतं. इस्राईलमध्ये ग्रेपफ्रूटची काढलेली फळं काही सेकंद गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली ब्रशने धुतली, तर सालीत ही प्रथिनं आणि उष्णतेच्या ताणातली प्रथिनं वाढली आणि हिरव्या बुरशीची सड कमी झाली, असं 2001 मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. आपल्याकडे संत्री कळमन्याच्या किंवा दूरच्या बाजारात पोचेपर्यंत पेटीत कितीतरी फळं सडतात. गावोगावच्या पॅकिंगच्या शेडमध्ये असं काही स्वस्तात बसवता आलं तर किती माल वाचेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अकरा.

धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याची कपाशी. पाठीवर पंप घेऊन एक पोरगा फवारतोय, तोंडाला रुमालसुद्धा नाही. मी हाक मारून त्याला थांबवतो आणि माझ्याकडचा मास्क, हातमोजे देतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. ते दिवस या भागातल्या कोणालाही विसरता येणार नाहीत. झाडाच्या अंगच्या प्रथिनांत मला जो रस आहे, त्याचं मोठं कारण हे आहे. झाड जितकं स्वतः झगडेल तितक्या फवारण्या कमी होतील, आणि तितकी माणसं कमी धोक्यात येतील.

प्रथिनाने पीक वाचवायची गोष्ट आमच्या तालुक्याला नवीनही नाही. बीटी कपाशी भारतात 2002 मध्ये आली. त्यात बोंडअळीला मारणारं प्रथिन एका जिवाणूकडून घेतलेलं. 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. सुरुवातीला फवारण्या खरंच घटल्या. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या दोन्ही प्रथिनांशी जुळवून घेतलं आणि 2017 मध्ये विदर्भभर बोंडं पोखरली गेली. मी यातून एवढं घेतलं की एका-दोन प्रथिनांवर सगळी भिस्त ठेवली तर शत्रू तेवढ्यापुरता शिकतो. रानातलं झाड एकाच वेळी दहा बाजूंनी झगडतं, जाड भिंत, कडू रस, डिंक, कुळाकुळांची प्रथिनं, म्हणून ते टिकून आहे.

दुपारी एक.

जेवण. भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. पाऊस पुन्हा लागला.

अडीच.

घाटंजीच्या बाजारात काम आहे. वाघाडी नदीला पाणी चढलेलं, पुलावर माणसं बघायला थांबलेली. कृषी सेवा केंद्रात गर्दी. एक ओळखीचा बागायतदार काउंटरवरची बाटली मला दाखवतो. तिच्यावर झाडाची रोगप्रतिकारशक्ती वाढवते, एवढंच ठळक अक्षरांत लिहिलंय. आत काय आहे, किती टक्के आहे, याचा पत्ता नाही. तो विचारतो, "भाऊ, घेऊ का?"

मी त्याला बाजूला घेऊन जे सांगितलं ते इथेही मांडतो. झाडाला बाहेरून सावध करता येतं, यात शंका नाही. 1961 मध्ये फ्रँक रॉस यांनी दाखवलं की तंबाखूच्या एका पानाला विषाणूची लागण झाली की दुसरी, लागण न झालेली पानंही पुढच्या हल्ल्याला तयार होतात. 1979 मध्ये रेमंड व्हाइट यांनी तंबाखूला ॲस्पिरिन दिलं आणि झाडाची विषाणूविरुद्धची ताकद वाढली, संरक्षक प्रथिनंही दिसली. ॲस्पिरिनचा जवळचा नातलग असलेलं सॅलिसिलिक आम्ल झाड स्वतःच बनवतं आणि त्याच्याच इशाऱ्यावर ही प्रथिनं जागी होतात, हे नंतर उलगडलं. डिंक्यासाठी शिफारस असलेलं फोसेटिल ॲल्युमिनियमही फायटोफ्थोराला थेट रोखतं आणि सोबत झाडाच्या संरक्षणालाही चालना देतं. तेव्हा कल्पना खोटी नाही.

पण राखण फुकट होत नाही. प्रत्येक प्रथिनाला नत्र लागतं, साखर लागते. ज्या रोपांची संरक्षण-यंत्रणा जनुकातल्या बदलामुळे कायम चालू राहते, ती प्रयोगशाळेत खुजी राहतात. वाढीची शिदोरी राखणीत जाते. उपाशी, बुडालेल्या मुळाच्या, पानं पिवळ्या पडलेल्या झाडाला बाटलीने इशारा दिला तरी ते प्रथिनं कशातून बनवणार? आधी त्याला उभं करावं लागतं. आणि आत काय आहे ते ज्या बाटलीवर छापलेलं नाही, ती घेऊ नये, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. त्याने बाटली परत ठेवली आणि मोरचूद घेतलं.

साडेचार.

परत येताना नवीन लावणीकडे वळलो. मोठी झाडं जंबेरीच्या खुंटावरची आहेत. जंबेरी जोमदार, फळ भरपूर, पण फायटोफ्थोरापुढे हळवी. नवी कलमं रंगपूर लाइमवर घेतली, ती त्यामानाने सोसतात. याहून काटक खुंट जगात आहे, तीन पानांची चिनी नारिंगी. फायटोफ्थोराला ती चांगलीच पुरून उरते. मग आपण ती का लावत नाही? कारण आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी. चुनखडीत त्या खुंटाला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात, झाड रखडतं. रोगाला चिवट असणं आणि जमिनीला सोसणं, दोन्ही एका खुंटात आणणं हे पैदासकारांचं काम आहे. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था 1985 पासून विदर्भाच्या या झाडांवर काम करते आहे. कलम घ्यायचं तर तिच्यासारख्या खात्रीच्या रोपवाटिकेतून, निर्जंतुक मातीच्या पिशवीतलं, आणि डोळा जमिनीपासून किमान नऊ इंचांवर बांधलेला. डोळा खाली असला की संत्र्याची हळवी साल मातीला लागते आणि डिंक्याला दार उघडं मिळतं.

कोवळ्या फुटीवर सायला किडीची पिलं दिसतात का ते भिंगाने बघतो. ही इवलीशी कीड ग्रीनिंगचा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. फ्लोरिडात तो रोग 2005 मध्ये सापडला आणि तिथलं संत्र्याचं उत्पादन वीस वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक खाली आलं. त्यावर आशेची एक बातमी 2021 मध्ये कॅलिफोर्नियातून आली. ऑस्ट्रेलियातलं बोटाच्या आकाराचं रानटी लिंबू या रोगाला बऱ्यापैकी सोसतं. त्याच्या अंगात 67 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन सापडलं. ते जिवाणूला मारतं, शिवाय झाडाचं स्वतःचं संरक्षणही जागं करतं, आणि उन्हात टिकतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, त्यामुळे हे शेवटचं वैशिष्ट्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. ते बागेत कितपत चालतं ते चाचण्यांतून ठरेल. आपल्या सातपुड्यात, मेघालयाच्या डोंगरात रानटी लिंबं, ईडलिंबू, महाळुंगाची झाडं अजून उभी आहेत. त्यांच्या अंगात काय दडलंय ते शोधायला हवं, ती तोडली जायच्या आत.

साडेसहा.

मामा शेणखताच्या ढिगावर ओलं पोतं टाकून ठेवतात. त्यात ट्रायकोडर्मा मुरतोय. ही बुरशी मुळांभोवती राहते, रोगाच्या बुरशीला खाते, आणि मुळाला हलकेच चाळवून त्याची संरक्षक प्रथिनं तयारीत ठेवते. बोर्डो लावलेल्या बुंध्याला ते खत लागू द्यायचं नाही, तांब्याने ट्रायकोडर्मा मरतो. म्हणून खत खोडापासून लांब, पानांच्या घेराखाली, बारीक मुळं असतात तिथे. पाऊस उघडला की टाकू.

रात्री साडेआठ.

वहीत आजच्या झाडांचे क्रमांक लिहून ठेवतो. कोणत्या झाडाला डिंक, कोणाची किती गळ, कोणाची नवी फूट पिवळी. ही यादी लागते ती पुढच्या आंबिया बहाराला. भारी जमिनीत तेव्हा दीड-दोन महिने पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, तरच ताण सोडल्यावर फुलं भरभरून येतात. कोरड्या दिवसांत झाड डिहायड्रिनसारखी प्रथिनं बनवून आपल्या पेशी सांभाळतं. निरोगी मुळांच्या झाडाला तो ताण सोसतो. ज्याची अर्धी मुळं पावसाळ्यात कुजलीत, त्याच्याकडे सांभाळायला काही उरलेलं नसतं, आणि अशी झाडं ताणावर टाकली की उन्हाळ्यात वाळून जातात.

तेव्हा बागायतदार भावांना एवढीच विनंती. या पावसाळ्यात ज्या झाडाला डिंक निघाला, त्याच्या बुंध्याला खूण करून ठेवा आणि यंदा त्याला ताण देऊ नका. एक बहार बुडेल. झाड गेलं तर त्या जागी लावलेल्या कलमाला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात.